गवतातली आमरी : प्रस्तावना

ऑर्किड म्हटलं की शहरातल्या माणसाला फुलवाल्याकडची डेंड्रोबियमची जांभळी काडी आठवते आणि रानात हिंडणाऱ्याला फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी. दोन्हींचा मातीशी संबंध नाही. त्यामुळे आमरी म्हणजे झाडावर वाढणारी वनस्पती, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं २०१९ साली देशातल्या आमरींची जी सूची प्रसिद्ध केली तिच्यात १,२५६ जाती आहेत. त्यांतल्या ७५७ झाडांच्या अंगाखांद्यावर वाढतात, हे खरंच. पण ४४७ जाती सरळ जमिनीत पाय रोवतात. त्यांतल्याही काही जंगलाची सावली सोडून उघड्या माळावर, वाऱ्यापावसात, गवताच्या गर्दीत राहतात. हे पुस्तक त्यांच्याबद्दल आहे.

या पुस्तकातल्या आमरींची प्रजाती हबेनेरिया. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनो यानं १८०५ साली ती मांडली आणि आज जगभरात तिच्या आठशेहून अधिक जाती मानल्या जातात. सह्याद्रीच्या पठारांवर आणि डोंगरउतारांवर तिच्या बऱ्याच जाती सापडतात. त्यांतली एक या पुस्तकाच्या मध्यभागी ठेवली आहे : हबेनेरिया लाँगिकॉर्निक्युलाटा. बुंध्याशी लांबट पानांचा झुबका, त्यातून सरळ वर आलेला दांडा, दांड्यावर मोजकीच पांढरी मोठी फुलं आणि प्रत्येक फुलामागे अर्ध्या वितीच्या आसपास लांब, खाली लोंबणारी हिरवट नळी. या नळीला परिभाषेत शुंडिका म्हणतात. तेरड्याच्या फुलामागचं शेपूट ज्यानं पाहिलं आहे त्याला शुंडिका काय ते वेगळं सांगायला नको; इथे तिची लांबी मात्र थक्क करणारी आहे. या जातीच्या जोडीला तुलनेसाठी आणखी दोन जाती घेतल्या आहेत. पावसाच्या सुरुवातीला येणारी एकपानी हबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, आणि दांड्याच्या एकाच बाजूला फुलांची रांग लावणारी हबेनेरिया हेनियाना. कासला जाणारे हौशी लोक हिला तिच्या ठेवणीवरून टूथब्रश ऑर्किड म्हणतात.

रानफुलांवरची बहुतेक पुस्तकं फुलापासून सुरू होतात आणि फुलापाशी संपतात. ओळख पटवायला ते सोयीचं असतं. पण या आमरीचं फूल टिकतं काही दिवस, बहर काही आठवडे, पानं पावसाळाभर. उरलेलं अर्ध्याहून अधिक वर्ष जमिनीवर तिचं नावनिशाण नसतं. त्या काळातही ती तिथेच असते, जिवंत असते आणि पुढच्या वर्षाची तयारी करून बसलेली असते. म्हणून या पुस्तकात फुलाइतकीच जागा कंदाला, बुरशीला, पतंगाला आणि गवताला दिली आहे. या चौघांशी असलेला तिचा व्यवहार कळला की ती ज्या जमिनीवर उभी आहे तिला पडीक म्हणायला जीभ धजत नाही. मला जे सांगायचं आहे ते इतकंच; बाकीची पानं त्याचा पुरावा आहेत.

आधी जागा पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात जांभ्याच्या सपाट, उघड्या पठाराला सडा म्हणतात. दख्खनच्या काळ्या पाषाणाची प्रदीर्घ काळ झीज झाली, पाण्यात विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोखंड-ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली, तो हा तांबडा जांभा. त्याच्यावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, तर कुठे नावालाही नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या महाबळेश्वराला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. या काळात सड्यावर पाणी तुंबतं, मातीतली हवा संपते, पोषणद्रव्यं धुऊन जातात. पाऊस ओसरला की तीच माती झपाट्यानं कोरडी पडते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तर खडकावर अनवाणी पाय ठेववत नाही. अशा ठिकाणी मोठं झाड उभं राहू शकत नाही. जे जगतं ते एक तर पावसाळ्यातच जन्मून, फुलून, बी टाकून मरतं, किंवा आपला जीव कंदात साठवून जमिनीखाली दडी मारतं. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे पहिल्या वाटेनं जातात. चवर, कंदीलपुष्प आणि आपली आमरी दुसऱ्या वाटेनं.

कास पठार हे या जगाचं सर्वांत माहितीतलं उदाहरण. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर. युनेस्कोनं २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास आहे. पण हबेनेरिया ही काही कासची मक्तेदारी नव्हे. पाचगणीचं टेबललँड, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, आंबोलीच्या आसपासचे सडे, घाटमाथ्यावरच्या कितीतरी अनाम टेकड्या, या सगळ्या ठिकाणी या प्रजातीच्या कुठल्या ना कुठल्या जाती उगवतात. पाटी नाही, तिकीट नाही, म्हणून तिथे कोणी थांबत नाही, एवढाच फरक.

आता वेळापत्रक. गवताळ पठारावर राहणाऱ्या ठेंगण्या वनस्पतीपुढचा मोठा प्रश्न म्हणजे गवत. जूनमध्ये ते नुकतं कोंभ काढत असतं, ऑगस्टमध्ये गुडघ्याकडे निघतं आणि सप्टेंबरमध्ये तुऱ्यावर येतं. आपल्या तीन जातींनी हा प्रश्न तीन तऱ्हेनं सोडवलेला दिसतो. ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस पहिल्या पावसांबरोबर येते. तिचं गोलसर, जाडसर पान, बहुधा एकच, क्वचित दोन, जमिनीला चिकटून पसरतं आणि त्याच्या मधोमध बोटा-दोन बोटांएवढा दांडा उठतो. आजूबाजूला गवतच नसल्यामुळे तिला उंच होण्याची गरज पडत नाही. गवत वाढून सावली करेपर्यंत तिचं फुलणं आटोपलेलं असतं. हेनियाना ऑगस्टकडे येते, दांड्याला बिलगून पानं चढवत नेते आणि वाढत्या गवताच्या बरोबरीनं उभी राहते. लाँगिकॉर्निक्युलाटा सर्वांत उशिरा, ऑगस्टच्या उत्तरार्धापासून पुढे. तोपर्यंत गवत माजलेलं असतं, म्हणून तिचा दांडा त्याच्यावर डोकं काढतो आणि फुलं मोकळ्या हवेत उघडतात. एकाच पठारावर एकाच प्रजातीच्या जाती अशा पाळीपाळीनं येतात, त्यामुळे जागा आणि कीटक दोन्हींची ओढाताण कमी होते. वाचकानं एखाद्या पठारावर जूनअखेर, ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरअखेर अशा तीन फेऱ्या मारल्या तर हा सगळा हिशेब त्याला डोळ्यांनी पाहता येईल.

जमिनीखालचा हिशेब मात्र डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात या आमरीच्या बुडाशी दोन कंद असतात. एक गेल्या वर्षीचा, सुरकुतलेला आणि सैल. दुसरा या वर्षीचा, टणक आणि भरलेला. जुन्या कंदातल्या साठ्यावर कोंभ वर येतो, पानं उघडतात, पानांनी केलेलं अन्न नव्या कंदात उतरतं. ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी पडून वाळतात, जुना कंद कुजून जातो आणि नव्या कंदाच्या टोकाशी असलेली एक कळी पुढच्या जूनची वाट पाहत राहते. म्हणजे दरवर्षी झाड आपलं शरीर जवळजवळ नव्यानं घडवतं. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पानांना उन्हाचे जेवढे दिवस मिळतात तेवढाच कंद भरतो. सप्टेंबरमध्ये पानं तुडवली गेली तर त्या वर्षीचं फूल कदाचित वाचेल, पण पुढच्या वर्षी कोंभ दुबळा येईल. नुकसान एका वर्षी होतं आणि दिसतं दुसऱ्या वर्षी, म्हणून कारण आणि परिणाम यांची जोडी लागत नाही.

उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो तेव्हा हाच कंद कामाला येतो. माती चांगली उष्णतारोधक असते. गवताची आग झरझर पुढे सरकते आणि काही इंच खाली तिची झळ फारशी पोचत नाही. आमरी त्या वेळी पूर्ण झोपेत असते. पण याचा अर्थ वणवा तिच्या फायद्याचा, असा काढू नये. वर्षानुवर्षं पेटणाऱ्या उतारावरची माती पहिल्या पावसातच वाहून जाते आणि मातीच राहिली नाही तर कंदाला पांघरूण कुठलं?

आणखी एक गुंता आहे. जमिनीवर वाढणाऱ्या आमरींच्या काही जाती एखाद्या वर्षी वर येतच नाहीत. कंद जिवंत असतो, पण ते वर्ष तो जमिनीखालीच काढतो. इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये मायकेल हचिंग्ज यांनी ऑफ्रिस स्फेगोडिस या गवताळ उतारावरच्या आमरीच्या एकेका रोपाची नोंद १९७५ पासून तीस वर्षांहून अधिक काळ ठेवली. कुठलं रोप कधी वर आलं, कधी नुसतीच पानं काढून थांबलं, कधी दिसलंच नाही, याचा सलग आलेख त्यातून मिळाला. अशा वनस्पतीची एका वर्षाची मोजणी म्हणजे लोकसंख्या नव्हे, हा धडा त्या कामानं दिला. आपल्याकडे ‘यंदा आमरी कमी आली’ हे वाक्य दर सप्टेंबरमध्ये ऐकू येतं. ते खरं असेलही; पण सलग नोंदी नसतील तर त्याचा अर्थ लावता येत नाही.

आता फूल. इथे थोडं रेंगाळायला हवं, आणि शक्य असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ हवं. फूल तोडायचं नाही, गुडघे टेकून बसायचं. पहिल्यांदा फुलाच्या मागे पाहा. देठासारखा जो भाग दिसतो तो नुसता देठ नसून किंजपुट आहे, म्हणजे पुढे ज्याचं बोंड होणार तो भाग. त्याच्या कडांवरच्या रेषा सरळ न जाता तिरप्या वळलेल्या दिसतील. कळी असताना ओष्ठ, म्हणजे आमरीची ती वेगळी, मोठी पाकळी, वरच्या बाजूला असते. उमलता उमलता फूल आपल्याच देठाभोवती अर्धा फेरा घेतं आणि ओष्ठ खाली येतो. त्या तिरप्या रेषा म्हणजे या फेऱ्याची खूण. कळ्या आणि फुलं एकाच दांड्यावर असतील तर पीळ कसा भरत जातो ते टप्प्याटप्प्यानं दिसतं.

समोरून पाहिलं तर बाहेरच्या वेढ्यात तीन संदलं. वरचं संदल खोलगट, आतल्या दोन अरुंद पाकळ्यांना घेऊन छोटंसं छत करणारं. बाजूची दोन पसरलेली. तिसरी पाकळी म्हणजे ओष्ठ. त्याचे तीन भाग : मधला अरुंद पट्टीसारखा, बाजूचे दोन रुंद. फुलाचा सगळा दिमाख या दोन रुंद भागांचा. हबेनेरियाच्या जाती ओळखताना ओष्ठाचे हे तीन भाग, त्यांची रुंदी, त्यांच्या कडा आणि शुंडिकेची लांबी ही चार लक्षणं हाताशी असली की निम्मं काम होतं. पुस्तकातली रेखाचित्रं त्याच बेतानं केली आहेत.

ओष्ठाच्या बुडाशी एक भोक आहे आणि तिथूनच शुंडिका सुरू होते. सूर्य पलीकडे असेल तर तिच्या पातळ भिंतीतून तळाशी साठलेल्या मधाची पातळी दिसते. मध फक्त तळाशी, तोंड वर, आणि मध्ये दहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर. मधमाशी इथवर पोचू शकत नाही, फुलपाखरंही बहुतेक हरतात. पांढरा रंग, लांब अरुंद नळी आणि तळाचा पातळ मध हा संच रात्री उडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी असतो. आपल्याकडे सर्वत्र सापडणारा ॲग्रियस कन्व्हॉल्व्हुली हा हॉक मॉथ या जातकुळीतला. त्याच्या अळ्या रताळ्याच्या कुळातल्या वेलींवर वाढतात आणि त्याची सोंड त्याच्या शरीराहूनही लांब असते. तो फुलावर बसत नाही. हवेत तरंगत राहून सोंड आत सोडतो.

सोंड आत जाताना जे घडतं ते या फुलाचं खरं कौशल्य. भोकाच्या वर, दोन्ही बाजूंना, परागकोशाचे दोन कप्पे एकमेकांपासून अंतर राखून बसलेले असतात. प्रत्येकात परागांचा एक पिवळसर पुंज. पुंजाला बारीक देठ आणि देठाच्या टोकाला चिकट टिकली. या दोन टिकल्या भोकाच्या डाव्या-उजव्या बाजूंना पुढे आलेल्या असतात. पतंगाचं तोंड किंवा सोंडेचं मूळ त्यांना लागलं की त्या चिकटतात आणि पतंग मागे सरला की पुंज कप्प्यातून उपसून बाहेर येतात. गवताची सुकी काडी हळूच भोकाशी नेली तरी हे घडवून पाहता येतं. चार्ल्स डार्विननं युरोपातल्या आमरींवर असेच प्रयोग केले आणि १८६२ साली आमरींच्या परागणावर ग्रंथ लिहिला. ऑर्किस मास्क्युलाचा पुंज उपसून निघाल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटात त्याचा देठ पुढे झुकतो, हे त्यानं टिपलं. काढताना जो पुंज उभा होता तो दुसऱ्या फुलावर पोचेपर्यंत आडवा होतो आणि बरोबर किंजल्कावर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या चिकट भागावर टेकतो. हबेनेरियात हे किंजल्क दोन असतात आणि भोकाच्या तोंडाशी पुढे आलेले असतात.

पुंज म्हणजे परागांचा एकसंध गोळा नाही. लवचीक धाग्यांनी एकत्र धरलेल्या पुष्कळ बारीक गाठोड्यांचा तो समूह असतो. एका किंजल्कावर त्यातली थोडीच गाठोडी चिकटून राहतात. उरलेला पुंज पतंगाबरोबर पुढच्या फुलावर. एकाच पुंजातून अनेक फुलांना पराग मिळतो आणि एकेका फुलाला एका भेटीत हजारो बीजांडं फळवण्याइतका पुरवठा होतो. भेटी दुर्मीळ असतात, म्हणून प्रत्येक भेट पुरेपूर वापरण्याची ही सोय.

शुंडिका इतकी लांब का, याचं उत्तर या यंत्रणेतच आहे. मध सहज हाती लागला तर पतंग लांबूनच सोंड बुडवून निघून जाईल आणि तोंड टिकल्यांना लागणारच नाही. नळी सोंडेच्या टोकाला पुरते-न पुरते इतकी लांब असली तरच त्याला तोंड फुलात खुपसावं लागतं. डार्विननं मादागास्करच्या एका आमरीची सुमारे तीस सेंटिमीटर लांब शुंडिका पाहून तेवढ्या सोंडेचा पतंग असणारच, असं लिहिलं होतं. १९०३ साली त्या पतंगाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, ही गोष्ट आता शाळेच्या पुस्तकांतही सापडते. मला त्याहून बोलका वाटतो तो स्वीडनमधला प्रयोग. अँडर्स निल्सन यांनी हबेनेरियाच्या नात्यातल्या प्लॅटँथेरा या प्रजातीच्या फुलांच्या शुंडिका कृत्रिमरीत्या तोकड्या केल्या. त्या फुलांमधली परागपुंजांची ने-आण घटली. १९८८ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या या निबंधानं लांबीचा फायदा अंदाजावर न ठेवता मोजून दाखवला.

परागण साधलं की किंजपुट फुगतं, बोंड सुकतं, तडकतं आणि हजारो बिया वाऱ्यावर सोडतं. त्या तपकिरीसारख्या भुकटीत एकेक बी म्हणजे जाळीदार कवच आणि आत मूठभर पेशींचा गर्भ. डाळीत, ज्वारीत जसा अन्नाचा साठा असतो तसा इथे नाही. आमरीचं बी स्वतःच्या बळावर रोप होऊ शकत नाही. योग्य जातीची बुरशी त्यात शिरावी लागते. बुरशीचे धागे गर्भाच्या पेशींमध्ये वेटोळी करतात, गर्भ ती वेटोळी पचवतो आणि त्या अन्नावर जमिनीखाली एक बिनपानांचा, बिनमुळांचा कण वाढू लागतो. उजेड दिसेपर्यंत हा कण पूर्णपणे बुरशीवर पोसलेला असतो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बेर्नार यानं १८९९ साली हे नातं उलगडायला सुरुवात केली. १९२२ साली अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवायही बी रुजवून दाखवलं, आणि आजचा जगभरचा आमरीव्यवसाय त्या शोधावर उभा आहे. माळावर मात्र साखर घालायला कोणी येत नाही. तिथे बुरशी हवी, बुरशीला सडणारं गवत आणि न खणलेली, न दाबलेली माती हवी.

म्हणूनच माळावरून कंद उकरून घरी कुंडीत लावलेली आमरी सहसा टिकत नाही. पहिल्या वर्षी साठ्यावर ती फुलते, माणूस खूष होतो. मग ती हळूहळू खचत जाते. कुंडीत कंद आला, पण त्याची माती, बुरशी आणि ऋतू मागे राहिले.

या वनस्पतीला कागदावर आणणाऱ्यांची परंपरा मोठी मजेदार आहे. लाँगिकॉर्निक्युलाटा हे नाव दिलं जॉन ग्रॅहम यानं. हा मुंबईच्या टपालखात्यातला अधिकारी. मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची त्याची सूची १८३९ साली प्रसिद्ध झाली, पण छपाई चालू असतानाच तो वारला आणि उरलेलं काम निम्मो यानं पूर्ण केलं. हेनियाना हे नाव लंडनच्या जॉन लिंडलीनं दक्षिण भारतात काम केलेल्या बेंजामिन हाइनच्या स्मरणार्थ ठेवलं. १८६१ साली ‘बाँबे फ्लोरा’ लिहिणाऱ्या जोडीपैकी डॅल्झेल जकातखात्यात होता आणि गिब्सन वैद्यकीय सेवेतून वनखात्यात आलेला. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बाँबे’ सिद्ध करणारे थिओडोर कुक हे अभियंता, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस हे नाव मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांचं. त्याच कॉलेजातल्या फादर सांतापाव यांनी कापडिया यांच्यासह १९६६ साली ‘द ऑर्किड्स ऑफ बाँबे’ हा ग्रंथ दिला. पाचगणीच्या नावाची हबेनेरिया पंचगणिएन्सिस ही जातही याच दोघांची. आणि आपल्या काळात, २००१ साली, पुण्याचे अभियंता श्रीकांत इंगळहळीकर यांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’नं ही फुलं सामान्य भटक्यांच्या पाठपिशवीत पोचवली. नोकरी एक आणि नाद दुसरा, असे हे बहुतेक लोक. मात्र ज्यांनी गुरं राखताना, गवत कापताना ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या पाहिली त्या धनगर-गवळ्यांचं ज्ञान या ग्रंथांत फारसं उतरलेलं नाही. हे पुस्तकही ती उणीव पूर्ण भरून काढत नाही. जिथे गावातल्या माणसांकडून थेट ऐकायला मिळालं तिथे तसं नमूद केलं आहे.

औषधाचा विषय टाळता येणार नाही. आयुर्वेदातल्या अष्टवर्गापैकी ऋद्धी आणि वृद्धी या दोन वनस्पती म्हणजे हिमालयातल्या हबेनेरियाच्या जाती, असं आज सामान्यतः मानलं जातं. च्यवनप्राशाच्या पाठात अष्टवर्ग येतो, त्यामुळे मागणी कायमची. पण भावप्रकाशानं काही शतकांपूर्वीच ही द्रव्यं दुर्मीळ आहेत हे ओळखून पर्याय सांगून ठेवले : ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराही, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारी. जुन्या वैद्यांनी दाखवलेला हा शहाणपणा बाजारात पाळला जातोच असं नाही. सालममिश्री किंवा अमरकंद म्हणून विकल्या जाणाऱ्या कंदांत निरनिराळ्या जमिनीवरच्या आमरी मिसळलेल्या असतात आणि उकरलेला प्रत्येक कंद म्हणजे संपलेलं एक झाड. संपूर्ण आमरीकुल साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असल्यामुळे त्यांच्या परदेशी व्यापारावर बंधनं आहेत; गावच्या बाजारात ती बंधनं पोचत नाहीत.

तरीही माझ्या मते या आमरीचा मोठा शत्रू कंद उकरणारा नाही. तो कागदावर आहे. सातबाऱ्यावर सड्याची जमीन पोटखराबा म्हणून लिहिलेली असते, सरकारी वर्गवारीत तिला पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की तिचं काहीतरी करणं हे पुण्यकर्म ठरतं. कुठे झाडं लावली जातात, कुठे बॉक्साइटसाठी वरचा थरच खरवडला जातो, कुठे पवनचक्क्यांसाठी रस्ते जातात, कुठे बंगल्यांचे प्लॉट पडतात. यांतली वृक्षलागवड सर्वांत निरागस वाटते, आणि विरोध करायलाही तीच सर्वांत अवघड. खड्डे खणून, बाहेरची माती आणून, सावली करणारी रोपं लावली की उन्हात जगणारं गवत मागे हटतं आणि त्याच्यासोबत बुरशी, कंद आणि पतंगाचं खाद्य. हिरवळ वाढते, माळ मात्र संपतो. गुरांच्या बाबतीतही सरसकट नियम चालत नाही. अति चराई मारक आहे, पण चराई पूर्ण बंद केली की उंच गवत माजून ठेंगण्या जातींना झाकून टाकतं. पर्यटकांचं म्हणाल तर पायवाट सोडून आत शिरलेल्या पावलानं दाबलेली ओली माती दगडासारखी घट्ट होते आणि तिच्यात मग ना पाणी मुरतं, ना बुरशी.

पुस्तकाची रचना थोडक्यात. पहिल्या भागात सड्यांची घडण आणि ऋतुचक्र आहे. दुसऱ्या भागात तीन मुख्य जातींचं तपशीलवार वर्णन, रेखाचित्रांसह. तिसऱ्या भागात महाराष्ट्रातल्या इतर हबेनेरिया आणि त्यांच्याशी गल्लत होऊ शकेल अशा जमिनीवरच्या आमरी यांची ओळखसूची. ती पानांवरून सुरू होते, कारण माळावर गेल्यावर फूल भेटेलच याचा भरवसा नसतो. नकाशे मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत. कुठल्या पठारावर कुठली जात आहे इतकंच कळेल, नेमकी जागा नाही. परिभाषेसाठी मराठी विश्वकोशातले शब्द शक्य तिथे घेतले आहेत. जिथे साधा शब्द पुरतो तिथे तोच ठेवला आहे.

हे पुस्तक वापरणाऱ्यांकडून एक अपेक्षा आहे. आपापल्या जवळच्या एखाद्या पठाराचा दहा पावलं बाय दहा पावलांचा तुकडा ठरवून घ्या आणि दर पावसाळ्यात त्याच तारखांच्या आसपास तिथे जाऊन नोंद करा. गवताची उंची, किती रोपं फुलावर, किती बोंडं धरलेली, आणि किती नुसत्या पानांवर. शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात. फुललेलं झाड कॅमेऱ्यात येतं, न फुललेलं नजरेतही येत नाही. पण पुढच्या वर्षांचा सगळा भरवसा त्याच्यावर असतो. उद्या एखाद्या सड्याची जमीन कशाला लागते आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर म्हणून सुंदर फोटो फारसे चालत नाहीत. ओळीनं दहा वर्षं भरलेली वही चालते.